वीस पानांचा अहवाल चाळीस एमबीचा का होतो, आणि तो हलका कसा करायचा

सप्टेंबर उजाडला की मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये एकच लगबग सुरू होते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी सभासदांपर्यंत पोहोचायला हवी असते. सोबत कार्यकारिणीचा अहवाल, मागच्या सभेचे इतिवृत्त, हिशेब आणि गच्चीच्या दुरुस्तीचे फोटोही द्यायचे असतात. बहुतेक सोसायट्यांमध्ये हा सगळा ऐवज वर्डच्या एकाच फाइलीत तयार होतो, आणि तो तयार करणारे सेक्रेटरी दिवसभराचे काम आटोपून रात्री संगणकापुढे बसलेले असतात. पाठवायची वेळ येते तेव्हा लक्षात येते की वीस पानांची फाइल चाळीस एमबीच्या घरात गेली आहे. ईमेल ती घेत नाही, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा संगणक ती उघडताना अडकून बसतो, आणि फोनमध्ये जेमतेम जागा उरलेले ज्येष्ठ सभासद ती उघडतच नाहीत. अहवाल लिहिण्यात गेलेले कष्ट अशा वेळी वाया जातात आणि त्याचे वाईट वाटते.

हा लेख मुख्यतः त्या सेक्रेटरींसाठी आहे. पण कॉलेजचे ब्लॅक बुक करणारे विद्यार्थी, मंडळाची स्मरणिका जुळवणारे कार्यकर्ते किंवा ऑफिसात मोठे प्रस्ताव बनवणारे लोक यांचे दुखणे यापेक्षा वेगळे नसते. खाली सांगितलेले मेनू विंडोजवरच्या अलीकडच्या वर्डमधले आहेत. मॅक आणि लिबरऑफिस (वर्डसारखाच मोफत प्रोग्रॅम) यांच्याबद्दल जागोजागी सांगेन.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा: वजन कुठे आहे हे पाहिल्याशिवाय काहीही कापू नका. लोक घाबरून पाने कमी करतात, मजकूर गाळतात, टाइप लहान करतात, आणि फाइल मात्र होती तेवढीच राहते.

कामाला लागण्यापूर्वी

मूळ फाइलीची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. तिच्या नावापुढे 'मूळ' असे लिहा आणि तिला हात लावू नका. पुढची सगळी कामे दुसऱ्या प्रतीवर करायची. फोटो एकदा लहान करून फाइल सेव्ह करून बंद केली की त्यातला मूळ तपशील परत मिळत नाही, म्हणून हा नियम मोडायचा नाही.

आता फाइलीवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि आकार कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक टप्प्यानंतर फाइल सेव्ह करून हा आकडा पुन्हा पाहायचा. कशाने किती फरक पडला ते त्यातूनच कळते.

मजकुराला दोष देऊ नका

मराठीत टाइप केल्यामुळे फाइल जड होते, असे बऱ्याच जणांना वाटते. युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरे संगणकात साठवण्याची सर्वमान्य पद्धत. तिच्या यूटीएफ-८ या प्रकारात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते आणि इंग्रजीचे अक्षर १ बाइट, एवढे खरे आहे. पण हिशेब करून पाहा. एका पानावर साधारण दोन हजार चिन्हे धरली तर ते पान ६ केबीचे झाले. वीस पानांचे १२० केबी. त्यावर वर्डच्या स्वतःच्या खुणा आल्या तरी सेव्ह होताना हे सगळे दाबून आणखी लहान केले जाते. चाळीस एमबीमध्ये तुमच्या लिखाणाचा वाटा एक टक्काही नसतो. तेव्हा गेल्या वर्षी काम करणाऱ्या सभासदांचे आभार मानणारा परिच्छेद खुशाल राहू द्या.

फाइलीच्या आत डोकावून पाहा

वर्ड २००७ पासून फाइली 'डॉकएक्स' या प्रकारात सेव्ह होतात. डॉकएक्स म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गाठोडे असते. मजकूर, फोटो, फॉन्ट आणि जोडलेली कोष्टके त्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात. हे गाठोडे सोडून पाहता येते, आणि माझ्या मते नवख्या माणसाने सगळ्यात आधी हेच शिकावे, कारण त्यानंतर अंदाजाने काही करावे लागत नाही.

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' या मेनूतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. विंडोज ११ मध्ये हा पर्याय 'व्ह्यू' खालच्या 'शो' मध्ये आहे. आता फाइलींच्या नावापुढे त्यांचा प्रकार दिसू लागेल. अहवालाची आणखी एक प्रत काढा आणि तिच्या नावातला शेवटचा 'डॉकएक्स' हा भाग काढून तिथे 'झिप' करा. प्रकार बदलल्यास फाइल निकामी होऊ शकते, असा इशारा येईल. ही केवळ पाहण्यासाठीची प्रत आहे, म्हणून 'येस' म्हणा आणि डबल क्लिक करून ती उघडा.

आत 'वर्ड' नावाचे फोल्डर दिसेल. त्यातल्या तीन फोल्डरांवर लक्ष ठेवायचे. 'मीडिया' मध्ये सगळी चित्रे असतात. 'एम्बेडिंग्ज' मध्ये आत घुसवलेल्या एक्सेलच्या आणि पीडीएफच्या फाइली असतात. 'फॉन्ट्स' मध्ये सोबत बांधलेले फॉन्ट असतात. यातले जे तुमच्या फाइलीत नसेल ते फोल्डरही दिसणार नाही. तुमचा मजकूर 'डॉक्युमेंट' नावाच्या एक्सएमएल फाइलीत असतो. ती केवढी लहान आहे ते बघाच.

'मीडिया' उघडून आकाराच्या रकान्यावर क्लिक केले की सर्वांत जड चित्र वर येते. अहवालाच्या फाइलीत साधारण काय सापडते ते सांगतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे आठ-दहा जेपेग फोटो, प्रत्येकी तीन ते पाच एमबी. सोसायटीचा शिक्का स्कॅन केलेले एखादे पीएनजी चित्र, कागदावर रुपयाएवढे दिसणारे, पण आत कित्येक हजार पिक्सेल रुंद. आणि तीन वर्षांपूर्वीच्या स्वातंत्र्यदिनाचा एखादा फोटो. तो पानावर कुठे दिसतही नाही, कारण दुसऱ्या फोटोच्या मागे दडलेला असतो.

पाहून झाले की ही झिप प्रत काढून टाका. झिपच्या आतली चित्रे इथूनच डिलीट करू नका. तसे केले तर वर्डला ती सापडत नाहीत आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट येते. चित्र काढायचे ते वर्डमधूनच काढायचे.

फोटो: खरी कमाई इथे आहे

फोटोचा कोपरा माउसने ओढून तो लहान केला म्हणजे फाइल लहान झाली, असा समज सर्वत्र आहे. तसे होत नाही. तुम्ही तो कागदावर लहान दाखवायला सांगितलेले असते, आत फोटो पूर्ण आकाराचाच राहतो. क्रॉपचेही तसेच. बाजूला उभा असलेला कंत्राटदार क्रॉप करून काढलात तरी तो फाइलीत असतो आणि मिळालेल्या फाइलीत कोणीही क्रॉप उलटवून त्याला परत आणू शकतो.

आता आकड्यांकडे पाहू. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना एक-एक इंच समास सोडला की मजकुराची रुंदी सव्वासहा इंच उरते. फोटो त्या पूर्ण रुंदीचा लावला आणि प्रत्येक इंचाला १५० पिक्सेल दिले तर ९४० पिक्सेल रुंदी पुरते. उंची त्याच प्रमाणात ७०५. एकूण सहा लाख साठ हजारांच्या आसपास पिक्सेल झाले. म्हणजे मूळ फोटोतले अठरा पिक्सेल ठेवलेत त्यातला एकच कामाचा होता. एका ओळीत दोन फोटो लावले असतील तर गरज याहूनही कमी.

वर्डमध्ये हे काम असे करायचे.

कोणत्याही एका फोटोवर क्लिक करा. वर 'पिक्चर फॉरमॅट' हा टॅब उमटेल. फोटो निवडल्याशिवाय तो दिसत नाही, त्यामुळे शोधत बसू नका. त्या टॅबच्या डाव्या भागात 'कॉम्प्रेस पिक्चर्स' आहे, ते दाबा. लहान चौकट उघडते. तिच्यातली 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' ही खूण काढून टाका, म्हणजे सगळ्या फोटोंवर एकदम काम होईल. 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स' ही खूण असू द्या, म्हणजे तो कंत्राटदार खरोखरच जाईल. खाली रिझोल्यूशनचे पर्याय असतात: छपाईसाठी २२० पीपीआय (म्हणजे दर इंचाला तेवढे पिक्सेल), वेबसाठी १५०, ईमेलसाठी ९६. पर्याय निवडून 'ओके' करा आणि फाइल सेव्ह करा. सेव्ह केल्याशिवाय आकार बदललेला दिसणार नाही.

मॅकवर 'फाइल' मेनूतच 'कॉम्प्रेस पिक्चर्स' मिळते. लिबरऑफिस रायटरमध्ये चित्रावर राइट क्लिक केले की 'कॉम्प्रेस' येते, पण तिथे एकेक चित्र स्वतंत्र घ्यावे लागते.

कोणता आकडा निवडायचा? फोनवर वाचायच्या आणि साध्या प्रिंटरवर छापायच्या अहवालाला १५० पुरेसे आहे. ९६ मी सहसा सुचवत नाही. पडद्यावर ठीक दिसते, पण कागदावर चेहरे पुसट होतात, आणि अहवाल छापून नोटीस बोर्डावर लावण्याची पद्धत आजही चालू आहे. स्मरणिका छापखान्यात जाणार असेल तर वर्डच्या या दाबण्यावर विसंबूच नका, मूळ फोटो वेगळे द्या.

एका प्रकारच्या फोटोंना मात्र जपा. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. त्या अहवालातले फोटो म्हणजे कॉलमला गेलेला बारीक तडा, स्लॅबचे सुटलेले प्लास्टर, उघड्या पडून गंजलेल्या सळया. इमारत दुरुस्त करायची की पुनर्विकासाला द्यायची, यावर सभेत वाद होतो तेव्हा लोक हेच फोटो मोठे करून बघतात. केसाएवढा तडा १५० पीपीआयवर सपाट भिंतीसारखा दिसू शकतो. ज्याच्या घरात तो तडा आहे त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. असे फोटो २२० वर ठेवा. त्यासाठी त्या फोटोवर क्लिक करून 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' ची खूण ठेवायची आणि २२० निवडायचे, बाकीच्यांना १५०. दोन प्रकारचे फोटो एकाच फाइलीत मिसळले असतील तर एकेक करायला वेळ जातो, पण तो द्यावा. इंजिनिअरने दिलेले मूळ फोटो सोसायटीच्या दप्तरात वेगळे जपून ठेवायचेच.

कधी कधी 'कॉम्प्रेस पिक्चर्स' करूनही आकडा जागचा हलत नाही. त्याची कारणे ठरलेली आहेत.

पहिले, 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' असे जाऊन खाली 'इमेज साइझ अँड क्वालिटी' हा भाग बघा. तिथे 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' वर खूण असेल तर ती काढा. 'डिस्कार्ड एडिटिंग डेटा' वर खूण करा. फोटोची पार्श्वभूमी काढली किंवा त्याला काही परिणाम दिला की वर्ड मूळ चित्रही आत जपून ठेवते, ते या खुणेने जाते. त्याच ठिकाणी 'डिफॉल्ट रिझोल्यूशन' असते. ते 'हाय फिडेलिटी' वर असेल तर खाली आणा.

दुसरे, फोटो पीएनजी प्रकारात असेल. पीएनजी हे स्क्रीनशॉट, नकाशे, शिक्के यांच्यासाठी उत्तम. त्यात अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. पण माणसांचा, भिंतींचा, आकाशाचा फोटो पीएनजीत ठेवला की तो जेपेगपेक्षा कितीतरी जड होतो, आणि वर्ड दाबतानाही बहुतेकदा तो पीएनजीच ठेवते. दुसऱ्या प्रोग्रॅममधून कॉपी-पेस्ट केलेले फोटो पुष्कळदा असे पीएनजी होऊन बसतात. इलाज असा: मूळ फोटो पेंटमध्ये उघडा, जेपेग म्हणून सेव्ह करा, मग वर्डमध्ये जुन्या फोटोवर राइट क्लिक करून 'चेंज पिक्चर' मधून नवा घ्या. जागा आणि आकार तोच राहतो, पुन्हा मांडणी करावी लागत नाही. इथून पुढे फोटो पेस्ट न करता 'इन्सर्ट', 'पिक्चर्स' या वाटेनेच घालायची सवय लावा.

दडलेले फोटो शोधायचे असतील तर 'होम' टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट' आहे, त्यात 'सिलेक्शन पेन' उघडा. तुम्ही असाल त्या पानावरच्या तरंगत्या, म्हणजे मजकुराच्या ओळीत न बसवलेल्या, चित्रांची यादी दिसते आणि दुसऱ्याखाली झाकलेले चित्रही त्यात सापडते.

स्कॅन केलेली पाने

ऑडिटरच्या सहीचा अहवाल स्कॅन करून त्याची पाने चित्र म्हणून वर्डमध्ये चिकटवायची प्रथा आहे. ए-४ पान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केले तर ते २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे होते आणि न दाबता त्याचे २६ एमबी भरतात. तेच पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेतले तर जेमतेम १ एमबी. दाबल्यानंतर दोन्ही पुष्कळ लहान होतात, पण रंगीत पान जडच राहते. काळ्या शाईत टाइप केलेल्या पानाला रंग कशाला? ग्रेस्केलमध्ये, २०० डीपीआयला स्कॅन करा. सही आणि शिक्का स्पष्ट वाचता येतात.

याहून चांगला मार्ग म्हणजे स्कॅन केलेली पाने वर्डमध्ये आणायचीच नाहीत. अहवालाची पीडीएफ वेगळी करा, ऑडिटरच्या अहवालाची वेगळी, आणि दोन्ही सोबत पाठवा. 'इन्सर्ट', 'ऑब्जेक्ट' मधून पीडीएफ आत घातली तर पानावर दिसते तिचे पहिलेच पान, आणि अख्खी पीडीएफ मात्र 'एम्बेडिंग्ज' मध्ये जाऊन बसते.

एक्सेलचे कोष्टक, आणि त्यासोबत जाणारी खासगी माहिती

हा भाग आकाराच्या दृष्टीने फोटोंइतका मोठा नाही. तरी सेक्रेटरींनी तो सगळ्यात लक्ष देऊन वाचावा.

खजिनदारांनी एक्सेलमध्ये हिशेब ठेवलेला असतो. पहिल्या पानावर वर्षाचा जमाखर्च, दुसऱ्यावर सिंकिंग फंड, तिसऱ्यावर फ्लॅटनिहाय थकबाकी, चौथ्यावर सभासदांचे फोन नंबर. अहवालात फक्त जमाखर्चाचा आलेख हवा असतो. खजिनदार तो कॉपी करतात, सेक्रेटरी वर्डमध्ये पेस्ट करतात. पेस्ट करताना आलेखाच्या कोपऱ्याशी पर्यायांची छोटी पट्टी येते. त्यातला 'एम्बेड वर्कबुक' हा पर्याय निवडला गेला, तर आलेखासोबत ती संपूर्ण एक्सेल फाइल, चारही पानांसकट, अहवालाच्या पोटात जाते. 'पेस्ट स्पेशल' मधून 'एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट' म्हणून पेस्ट केले तरी तेच होते. मग अहवाल मिळालेल्या कोणीही त्यावर डबल क्लिक केले किंवा आलेखावर राइट क्लिक करून 'एडिट डेटा' उघडले, की कोणत्या फ्लॅटची किती थकबाकी आहे ते त्याला वाचता येते. कर्ज, आजारपण, नोकरी जाणे अशा कारणांनी हप्ते थकलेल्या कुटुंबाची माहिती अशी बाहेर जाणे योग्य नाही, आणि पाठवणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

तुमच्या फाइलीत असे काही आहे का, ते 'एम्बेडिंग्ज' फोल्डर सांगते. तिथे एक्सेलची फाइल दिसली की वर्डमधला तो आलेख किंवा ते कोष्टक काढून टाका आणि पुन्हा घाला. आलेखासाठी एक्सेलमध्ये कॉपी करून वर्डमध्ये 'कंट्रोल', 'ऑल्ट' आणि 'व्ही' एकदम दाबा, आणि चित्राचा पर्याय, म्हणजे पीएनजी, निवडा. फक्त आकड्यांचे कोष्टक हवे असेल तर एक्सेलमधले चौकोन निवडून साधे पेस्ट करा. ते वर्डचे स्वतःचे कोष्टक बनते, काही केबीत मावते आणि मागे काही ओढून आणत नाही. 'लिंक' असलेला पर्याय टाळा. समोरच्याकडे मूळ फाइल नसते आणि दस्तऐवज उघडताना त्याला नको ते प्रश्न विचारले जातात.

फॉन्ट बांधून पाठवायचे का?

'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' मध्ये अगदी खाली 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' असते. यावर खूण असेल तर वापरलेले फॉन्ट फाइलीसोबत जातात आणि तेवढा भार वाढतो. मराठी लिहिणारे लोक ही खूण मुद्दाम करतात, कारण समोरच्याच्या संगणकावर अक्षरे बिघडण्याचा अनुभव त्यांनी घेतलेला असतो.

पण हे बिघडणे बहुतेक वेळा श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमुळे होते. त्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर ठेवलेला असतो, म्हणून फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्यावर कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणे. युनिकोड मजकूर विंडोजवर निर्मला यूआय या फॉन्टमध्ये दिसतो, फोनवरही दिसतो, काही बांधून द्यावे लागत नाही. निर्मला आवडत नसेल तर 'मुक्त' वापरून पाहा. आपल्या मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने तो केला आहे, गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो आणि जोडाक्षरे सुबक बसतात.

युनिकोड वापरत असाल तर ही खूण काढा. आणि अहवाल शेवटी पीडीएफ म्हणूनच जाणार असेल तर वर्डमध्ये फॉन्ट बांधण्याचे कारणच उरत नाही, पीडीएफ करताना ते आपोआप आत जातात. समोरच्याला फाइल संपादित करायची आहे आणि फॉन्टही नेहमीचा नाही, एवढ्याच वेळी ती खूण ठेवा.

खाडाखोड आणि शेरे

इतिवृत्ताचा मसुदा समितीत फिरतो तेव्हा 'ट्रॅक चेंजेस' चालू असते. खोडलेले प्रत्येक वाक्य फाइलीत राहते. पडद्यावर 'सिंपल मार्कअप' असले की ते दिसत नाही, पण असते. समितीने मंजूर केल्यावर 'रिव्ह्यू' टॅबमधल्या 'अ‍ॅक्सेप्ट' खालचा बाण उघडा आणि 'अ‍ॅक्सेप्ट ऑल चेंजेस अँड स्टॉप ट्रॅकिंग' निवडा. शेजारच्या 'डिलीट' खालून सगळे शेरे काढा. यातून फाइल थोडीशीच हलकी होते, पण समितीत रागाच्या भरात लिहून खोडलेले वाक्य सभासदांपर्यंत जात नाही.

शेवटची खात्री म्हणून 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' एकदा चालवा.

वर्षानुवर्षे त्याच फाइलीवर लिहिणे

अनेक सोसायट्यांचा अहवाल म्हणजे मागच्या वर्षीच्या फाइलीवर 'सेव्ह अ‍ॅज' करून केलेला बदल असतो, आणि मागच्या वर्षीची फाइल त्याआधीच्या वर्षीची. सेक्रेटरी बदलतात, फाइल तीच राहते. शीर्षपट्टीवर 'कंपॅटिबिलिटी मोड' असे दिसत असेल तर ती अजून जुन्या 'डॉक' प्रकारात असण्याची दाट शक्यता आहे. 'फाइल', 'इन्फो' मध्ये 'कन्व्हर्ट' दाबून ती डॉकएक्स करा. जुन्या प्रकारातल्या फाइली कधी कधी एवढ्यानेच निम्म्याहून कमी होतात.

डॉकएक्स असूनही मजकूर जड वाटत असेल, स्क्रोल करताना अडकत असेल, तर आत वर्षानुवर्षांच्या शैली, क्रमांकांच्या याद्या आणि सेक्शन साचलेले असतात. त्यातले बरेचसे ओझे फाइलीच्या शेवटच्या परिच्छेदखुणेशी जोडलेले असते. म्हणून ती खूण सोडून बाकी सगळे नव्या फाइलीत न्यायचे. 'कंट्रोल' आणि 'होम' दाबून सुरुवातीला जा. 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'एंड' एकत्र दाबून शेवटपर्यंत निवडा. मग 'शिफ्ट' दाबून ठेवून डाव्या बाणाची कळ एकदा दाबा, म्हणजे शेवटची खूण निवडीतून सुटेल. कॉपी करा, कोरी फाइल उघडा, पेस्ट करा. शेवटच्या भागाचे समास आणि पानाच्या वर-खालचा मजकूर सोबत येत नाही, तो पुन्हा घालावा लागतो. लेटरहेडवरचे बोधचिन्ह याच वेळी लहान करून घाला.

पाठवताना

सभासदांना वर्डची फाइल पाठवू नका, पीडीएफ पाठवा. 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये प्रकार पीडीएफ निवडला की खाली 'स्टँडर्ड' आणि 'मिनिमम साइझ' असे दोन पर्याय दिसतात. फोनवर पाठवायला दुसरा, छापायला पहिला. दोन्ही काढून ठेवल्या तर उत्तम.

जीमेलची जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते. शिवाय ईमेलमध्ये जाताना जोडपत्राचा आकार साधारण एक तृतीयांशाने फुगतो आणि बऱ्याच कार्यालयांच्या मेलवरची मर्यादा जीमेलहून कमी असते. व्हॉट्सअ‍ॅप २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल नेते, पण ते नेते म्हणून समोरच्याचा डेटा आणि फोनमधली जागा खर्ची घालणे बरोबर नाही. वीस पानांचा सचित्र अहवाल तीन-चार एमबीत बसवता येतो, तेवढे लक्ष्य ठेवा.

डॉकएक्स पुन्हा झिप करून पाठवण्यात अर्थ नाही, ती आधीच झिप आहे. फुकटात फाइल लहान करून देणाऱ्या वेबसाइटवर सोसायटीचा अहवाल चढवू नका. सभासदांची नावे, फ्लॅट क्रमांक आणि बँकेतली शिल्लक त्यात असते, आणि वरच्या सगळ्या गोष्टी तुमच्या संगणकावरच होतात.

पाठवण्याआधी पीडीएफ स्वतःच्या फोनवर उघडून पहिले पान, एखादा तड्याचा फोटो आणि हिशेबाचे कोष्टक मोठे करून बघा. आकडे वाचता आले पाहिजेत.

सभा पार पडली की एवढे करून ठेवा. हलक्या केलेल्या वर्ड फाइलीतला या वर्षीचा मजकूर आणि फोटो काढा. शीर्षके, कोष्टकांचे सांगाडे आणि लेटरहेड राहू द्या. 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये प्रकार 'वर्ड टेम्प्लेट' निवडून ती सेव्ह करा आणि दप्तरासोबत पुढच्या सेक्रेटरींच्या हाती द्या. फाइल एक्सप्लोररमधून टेम्प्लेटवर डबल क्लिक केले की दर वेळी नवी कोरी फाइल उघडते आणि मागच्या वर्षीचा फोटो तिच्यात शिरत नाही.